संकोची मुलांचे गुरुजी



रविवारच्या मिस्साच्या वेळी वेदीपाशी उभे राहिले की सगळे चर्च एका नजरेत दिसते. पुढच्या बाकांवर लहान मुले असतात, मधे कुटुंबे असतात आणि अगदी मागे, दाराजवळच्या खांबाला टेकून काही तरुण उभे असतात. शेवटचे गीत सुरू होईपर्यंत ते बाहेर पडलेले असतात. पुष्कळ वर्षे मी मनात धरून चाललो होतो की या मुलांना देवाधर्मात रस नाही. पुढे घरभेटींच्या निमित्ताने त्यांच्या घरी जाणे झाले, आईच्या हातचा चहा घेता घेता बोलणे झाले, तेव्हा माझी चूक ध्यानात आली. त्यांतील कितीतरी जणांना रस होता. त्यांना भीती वाटत होती ती माणसांची. कोणी थांबवून नाव विचारील, कोणी वाचन करायला सांगील, कोणी इंग्रजीत बोलेल, आणि आपल्याला उत्तर देता येणार नाही, याची!

ठाणे, कल्याण, डोंबिवली ही आपली शहरे बाहेरून आलेल्यांची आहेत. कोणाचे मूळ घर कोकणात, कोणाचे वसईत, कोणाचे गोव्यात, मंगळुरात किंवा केरळात. सकाळच्या लोकलने आईवडील मुंबईकडे जातात, रात्री थकून परततात. मूल शाळा, क्लास आणि बंद दाराचा फ्लॅट यांच्यामध्ये वाढते. त्यातून मराठी माध्यमात शिकलेले असेल, तर युवा मंडळात फाडफाड बोलणारी मुले पाहून ते आणखीनच आक्रसते. मग आपण मोठी माणसे म्हणतो, लाजाळू आहे, राहू दे त्याला. आणि तो खरोखरच मागे राहतो.

अशा मुलांसाठी युवा मंडळ काय करू शकते, हा प्रश्न मनात घेऊन आज एका मोठ्या माणसाचे जीवन मला आपल्यासमोर ठेवायचे आहे. ते ख्रिस्ती नव्हते, पण त्यांचे नाव आपल्या प्रत्येक घरात ठाऊक आहे. ते म्हणजे पांडुरंग सदाशिव साने, अर्थात साने गुरुजी. आपण त्यांना श्यामची आई या पुस्तकाचे लेखक म्हणून ओळखतो. पण ते स्वतः आयुष्यभर भिडस्त राहिले, आणि तरीही शेकडो अबोल मुलांना त्यांनी बोलते केले. ते त्यांना कसे साधले, हे आपण पाहू या.

पालगडचा भित्रा मुलगा

साने गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी, म्हणजे नाताळच्या आदल्या दिवशी, रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात पालगड या गावी झाला. घराणे खोताचे, एके काळी खाऊनपिऊन सुखी. पण त्यांच्या लहानपणीच घरची परिस्थिती ढासळली. वडील सदाशिवराव आणि आई यशोदा यांनी गरिबीतच मुलांना वाढवले. मुलगा हळवा होता, चटकन डोळ्यांत पाणी येणारा होता आणि भित्राही होता.

त्यांनी स्वतःच सांगितलेला पोहण्याचा प्रसंग बहुतेकांनी शाळेत वाचला असेल. गावातील इतर मुले विहिरीत उड्या मारीत, श्याम मात्र घरात लपून बसे. एके दिवशी त्याच्या मायाळू आईने हातात काठी घेतली, त्याला लपलेल्या जागेतून बाहेर काढले आणि विहिरीवर पाठवले. तो रडला, रागावला. पण पाण्यात उतरला आणि पोहायला शिकला. नंतर त्याच आईने त्याला जवळ घेऊन समजूत घातली. आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हणावे, हे तिला सहन होत नव्हते.

हा प्रसंग आपण आईच्या कठोर प्रेमाचे उदाहरण म्हणून सांगतो. मला त्यात आणखी दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की विहिरीवर श्याम एकटा नव्हता. पोहता येणारी माणसे तेथे होती, त्याला धरणारे हात होते. दुसरी अशी की धक्का देणारी आई धक्का देऊन निघून गेली नाही. नंतर ती त्याच्याजवळ बसली. आपण मात्र पुष्कळदा नुसता धक्का देतो. वार्षिक स्नेहसंमेलनात एखाद्या लाजऱ्या मुलीच्या हातात अचानक माईक देतो, ती अडखळते, सभागृह हसते, आणि आपण पुढच्या कार्यक्रमाकडे वळतो. त्या रात्री तिच्याजवळ कोण बसते?

पुढे शिक्षणासाठी या मुलाला घर सोडावे लागले. दापोलीच्या मिशन शाळेत तो काही वर्षे शिकला. फी परवडेना, तेव्हा गरीब विद्यार्थ्यांची सोय होते असे ऐकून तो औंध संस्थानात गेला. तेथे प्लेगची साथ आली म्हणून परतावे लागले. मग पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयात नाव घातले. परक्या गावात, अर्धपोटी, हाताने स्वयंपाक करून तो शिकला. १९१७ साली आई गेली, आणि शेवटच्या क्षणी तिच्याजवळ त्याला असता आले नाही. हे दुःख त्याने जन्मभर उराशी धरले. १९१८ साली तो मॅट्रिक झाला आणि पुढे पुण्याच्या न्यू पूना कॉलेजातून त्याने उच्च शिक्षण पूर्ण केले. हे कॉलेज आज सर परशुरामभाऊ महाविद्यालय म्हणून ओळखले जाते.

घराबाहेर राहून शिकणाऱ्या मुलाच्या पोटात काय कालवते, ते या तरुणाला पुस्तकातून शिकावे लागले नाही. गावाहून कल्याणला काकांकडे शिकायला येऊन राहिलेली मुले आपल्याही धर्मग्रामात आहेत. त्यांना हे वेगळे सांगायला नको.

अमळनेरचे छात्रालय

खानदेशातील अमळनेर येथे श्रीमंत प्रताप शेठ यांच्या औदार्यातून १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर ही संस्था उभी राहिली होती. तेथे अभ्यास करण्यासाठी तरुण साने गेले. मी स्वतः सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो असल्यामुळे या ठिकाणाविषयी मला विशेष जिव्हाळा वाटतो. पण खरे सांगायचे, तर साने तेथे रमले नाहीत. त्यांच्या मनाला ग्रंथांपेक्षा माणसे हवी होती. १९२४ साली ते अमळनेरच्याच शाळेत शिक्षक झाले आणि काही काळातच शाळेच्या छात्रालयाची, म्हणजे वसतिगृहाची, जबाबदारी त्यांच्याकडे आली.

आता कल्पना करा. पंचविशीतला एक अबोल शिक्षक. मोठ्यांच्या बैठकीत अवघडून बसणारा, मानसन्मानापासून दूर पळणारा. त्याच्या ताब्यात खेड्यापाड्यांतून आलेली, आईवडिलांपासून तुटलेली मुले दिली जातात. काही दांडगट, काही कोपऱ्यात बसून रडणारी. या शिक्षकाने भाषणे दिली नाहीत की छडीही उगारली नाही. मुले शाळेत गेली की तो त्यांच्या खोल्यांत जाई, विस्कटलेली अंथरुणे नीट घालून ठेवी, कपडे घडी करी, कंदिलांच्या काजळलेल्या काचा पुसून लख्ख करी. मुले संध्याकाळी परतत, तेव्हा खोली आवरलेली असे. हे कोण करते, हे कळायला वेळ लागला नाही. मुलांना लाज वाटली, आणि हळूहळू तीच मुले स्वतःची व दुसऱ्याची खोली आवरू लागली.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली. पहाटे लवकर उठून ते छात्रालयासाठी एक दैनिक काढू लागले. छापील नव्हे, हाताने लिहिलेले! सुंदर अक्षरात कागद लिहून ते लावून ठेवीत आणि मुले उठल्यावर त्याभोवती गर्दी करीत. जगातील बातम्या, थोरांची चरित्रे, एखादी कविता, छात्रालयातील घडामोडी, कोणाचे कौतुक, कोणाला हळूच दिलेली सूचना, असे सगळे त्यात असे. १९२८ साली त्यांनी विद्यार्थी नावाचे मासिकही सुरू केले. या छात्रालयातील मुलांच्या अनुभवातूनच पुढे धडपडणारी मुले ही कादंबरी जन्माला आली.

थोडे थांबून विचार करू या. ज्या माणसाला चारचौघांत बोलायला अवघड जात होते, त्याने बोलण्याऐवजी लिहिण्याचा मार्ग शोधला. स्वतःचा संकोच नाहीसा होईपर्यंत तो थांबला नाही, आणि संकोच घालवण्यासाठी मुलांच्या मागेही लागला नाही. त्याने संकोच बाजूला ठेवून करता येईल असे काम शोधले. त्या कामाची सगळ्यांना खरोखर गरज होती. सकाळी दैनिक दिसले नाही, तर मुलांना चुकल्याचुकल्यासारखे झाले असते. आपल्यावाचून कोणाचे तरी काही अडते, ही जाणीव माणसाला ताठ उभे करते.

ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने फार पूर्वी शिकवले की सद्गुण आधी मिळतो आणि मग कृती होते असे नसते. कृती करता करता सद्गुण अंगी बाणतो. धीराची लहान लहान कामे करणारा माणूस धीट होतो. आत्मविश्वासाचेही तसेच आहे. आत्मविश्वास आला की काम देऊ, असे म्हणत बसलो, तर तो कधीच येणार नाही. काम दिले, सोबत दिली आणि चुकायला वाव दिला, तर तो मागाहून आपल्या पावलांनी येतो.

भिडस्त माणूस रस्त्यावर उतरतो

१९३० साली गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह पुकारला. साने गुरुजींनी शाळेचा राजीनामा दिला आणि ते खानदेशातील गावोगावी हिंडू लागले. जो शिक्षक छात्रालयात फारसे बोलत नसे, तो आता हजारोंच्या सभेत बोलू लागला आणि लोक ऐकत राहिले! हे बळ एका रात्रीत आले नव्हते. त्यामागे मुलांमध्ये घालवलेली सहा वर्षे होती. ज्यांना आपण प्रिय आहोत, अशांच्या सहवासात त्यांचा आवाज तयार झाला होता. त्यांना अटक झाली आणि पंधरा महिन्यांहून अधिक काळ तुरुंगात काढावा लागला.

तुरुंगातही त्यांना मंडळे मिळत गेली. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात त्यांचा इतर प्रांतांतील सत्याग्रहींशी स्नेह जमला. तमिळ व बंगाली भाषांची ओळख झाली, आणि तिरुक्कुरळ या तमिळ ग्रंथाचा त्यांनी मराठीत अनुवाद केला. एकमेकांच्या भाषा शिकून भारतीयांनी एकमेकांना ओळखावे, ही त्यांची आंतरभारतीची कल्पना अशाच अनुभवांतून रुजली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर प्रवचन देत. ती प्रवचने साने गुरुजींनी उतरून घेतली, म्हणूनच ती आज आपल्याला वाचायला मिळतात. पुन्हा पाहा, बोलणारे विनोबा आणि खाली मान घालून लिहिणारे गुरुजी! पण त्या लिहिणाऱ्याशिवाय ते बोल तुरुंगाच्या भिंतीतच विरले असते. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत त्यांनी श्यामची आई लिहून काढले. त्यावर आचार्य अत्रे यांनी काढलेला चित्रपट १९५३ साली आला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले.

आपल्याला आवडेल अशी एक गोष्ट येथे सांगतो. फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगो यांची ला मिझेराब्ल ही प्रसिद्ध कादंबरी साने गुरुजींनी दुःखी या नावाने मराठीत आणली. चांदीची भांडी चोरणाऱ्या कैद्याला पोलिसांपासून वाचवणारा आणि वर चांदीची मेणबत्तीदाणेही देऊन टाकणारा बिशप त्याच कादंबरीतला. एका माणसाने विश्वास टाकला आणि दुसऱ्याचे आयुष्य बदलले. गुरुजींनी अमळनेरला मुलांशी असाच व्यवहार केला होता.

सेवादलाच्या मैदानावर

जून १९४१ मध्ये पुण्यात राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली. एस. एम. जोशी हे दलप्रमुख झाले. संध्याकाळी मैदानावर मुलामुलींनी जमायचे, खेळ खेळायचे, लेझीम करायची, गाणी म्हणायची, देशातील प्रश्नांवर चर्चा करायची, सुटीत शिबिराला जायचे, श्रमदान करायचे. जात, धर्म, भाषा विचारायची नाही आणि मुलींनाही बरोबरीने घ्यायचे. त्या काळात हे धाडसच होते. साने गुरुजी या तरुणांचे जिवलग झाले. त्यांनी त्यांच्यासाठी गाणी लिहिली, त्यांच्या शिबिरांत ते राहिले, त्यांना पत्रे लिहिली.

सेवादलाच्या शाखेवर आलेल्या प्रत्येक मुलाला भाषण द्यावे लागत नसे. कोणी ढोलकी धरी, कोणी सतरंज्या घाली, कोणी मागच्या रांगेत उभे राहून कोरसमध्ये गाई. कोरस ही भिडस्त माणसासाठी देवाची देणगी आहे, असे मला नेहमी वाटते. आपला आवाज इतरांच्या आवाजात मिसळतो, चुकला तरी कळत नाही, आणि काही दिवसांनी आपल्यालाच कळते की आपल्याला गाता येते. सेवादलाच्या कलापथकातून महाराष्ट्राला किती कलावंत मिळाले! निळू फुले हे त्यांपैकी एक. पुण्यात माळीकाम करून पोट भरणारा हा तरुण सेवादलाच्या कलापथकात वावरला आणि पुढे मराठी रंगभूमी व चित्रपटातला मोठा नट झाला. दादा कोंडके आणि राम नगरकर हेही त्याच मुशीतले.

१९४७ साली गुरुजींनी या तरुणांना सोबत घेऊन फार मोठे काम केले. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात दलितांना प्रवेश नव्हता. तो मिळावा म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला. सोबत सेवादलाचे कलापथक होते. गावोगावी गाणी, सभा, लोकांच्या सह्या. नंतर १ मे पासून त्यांनी पंढरपुरात उपोषण आरंभले. १० मे रोजी मंदिर सर्वांना खुले करण्याचे मान्य झाल्यावर ते सुटले. विहिरीच्या पाण्याला भिणारा पालगडचा श्याम आता शेकडो वर्षांच्या रूढीसमोर उपाशी पोटी बसला होता. त्याचा स्वभाव बदलला होता का? जवळच्यांच्या दृष्टीने ते तसेच हळवे, भिडस्त आणि मुलांतच रमणारे राहिले होते. स्वभाव तोच होता. भीती मात्र त्याच्यावर हुकमत गाजवेनाशी झाली होती.

आपल्याच परंपरेतील एक आठवण

हा मार्ग ख्रिस्तसभेलाही चांगला परिचित आहे. संत योहान बॉस्को यांनी विद्यार्थी असताना १८३२ साली इटलीतील किएरी गावी मित्रांचे एक आनंद मंडळ स्थापले होते. पुढे धर्मगुरू झाल्यावर, ८ डिसेंबर १८४१ रोजी, तुरीन शहरातील संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या चर्चमध्ये एक पोरका मुलगा थंडीत आत येऊन उभा राहिला. मिस्साची सेवा करता येत नाही म्हणून तेथील सेवकाने त्याला मारून हाकलले. डॉन बॉस्कोंनी त्याला परत बोलावले. वाचता येते का, लिहिता येते का, गाता येते का, असे एकेक विचारले. प्रत्येक प्रश्नाला नकार! शेवटी शीळ घालता येते का, असे विचारताच तो मुलगा हसला. बार्तोलोमेओ गारेल्ली हे त्याचे नाव. डॉन बॉस्कोंनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलेल्या या भेटीतून त्यांच्या युवा कार्याची सुरुवात झाली, असे आपण मानतो.

अमळनेरचा कंदील आणि तुरीनची शीळ यांत मला फरक दिसत नाही. मुलाला काय येत नाही याची यादी जग करीतच असते. त्याला काय येते, हे शोधेपर्यंत जो थांबतो, तोच त्याचा गुरू.

दिव्याखालचा अंधार

आता मला एक अवघड गोष्ट सांगायची आहे. ती टाळली, तर हे चरित्र खोटे ठरेल.

स्वातंत्र्य मिळाले, पण ज्या देशाचे स्वप्न गुरुजींनी पाहिले होते, तो देश त्यांना दिसेना. गांधीजींच्या हत्येने ते आतून मोडले. त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी साधना साप्ताहिक सुरू केले. त्यातून ते पुतणी सुधाला पत्रे लिहीत, फुलापाखरांविषयी, पुस्तकांविषयी, जगाविषयी. वाचणाऱ्यांना त्यात प्रसन्नता दिसे. पण ११ जून १९५० रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले.

ख्रिस्तसभा जीवनाला देवाची देणगी मानते आणि ते असे संपवणे योग्य मानत नाही. पण तीच ख्रिस्तसभा आपल्या धर्मशिकवणीत सांगते की मनाच्या तीव्र यातनांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, अशा व्यक्तींच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. म्हणून आपण न्यायाधीश होऊ नये. मात्र एक प्रश्न आपण स्वतःला विचारावा. शेकडो मुलांच्या मनातले जो ओळखत होता, त्याच्या मनातले ओळखणारे कोणी होते का? तो सर्वांचा गुरुजी होता. ज्याच्यासमोर आपण दुबळे होऊ शकतो, असे माणूस त्यालाही हवे होते.

म्हणून युवा मंडळ चालवणाऱ्यांना, शिक्षकांना, धर्मभगिनींना, आम्हा धर्मगुरूंनाही मी सांगतो, दुसऱ्याला आधार देणाऱ्यालाही आधार लागतो. मंडळाचा सर्वांत उत्साही कार्यकर्ता अचानक गप्प झाला, तर त्याच्या घरी जा. आणि ज्याला आज अंधारून आले आहे, त्याने ते लपवू नये. मित्राला सांगा, आईवडिलांना सांगा, माझ्याकडे या, डॉक्टरांकडे जा. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. मदत मागणे हेही धैर्याचेच काम आहे.

आपण काय करू शकतो?

साने गुरुजींच्या जीवनातून आपल्या मंडळासाठी मी चार साध्या गोष्टी घेतो.

नवीन मुलाला आधी काम द्या, मंच नंतर द्या. खुर्च्या लावणे, गीतांची पुस्तके वाटणे, नाताळच्या गोठ्याची वायरिंग करणे, फुटबॉलच्या सामन्याचे गुण लिहिणे, यांतले काहीही. पण ते काम खरे असावे, उगाच गुंतवून ठेवण्यासाठी दिलेले नसावे.

गट लहान ठेवा. चाळीस जणांत हरवणारा मुलगा सहा जणांत सापडतो. त्या सहांना त्याचे नाव पाठ असले पाहिजे, आणि तो आला नाही तर विचारपूस झाली पाहिजे.

भाषेवरून कोणालाही खाली पाहायला लावू नका. मराठी, कोंकणी, मल्याळम, इंग्रजी, जो ज्या भाषेत धीट आहे त्या भाषेत त्याला बोलू द्या. तुरुंगात दुसऱ्यांच्या भाषा शिकणाऱ्या गुरुजींचा हा धडा आपल्या बहुभाषिक शहरांना फार उपयोगी आहे.

आणि चौथी गोष्ट आईवडिलांसाठी. मूल अबोल आहे म्हणून पाहुण्यांसमोर त्याची चेष्टा करू नका आणि त्याला घरात दडवूनही ठेवू नका. श्यामच्या आईसारखे विहिरीपर्यंत पाठवा, आणि नंतर त्याच्याजवळ बसा.

रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यातील वडघर येथे साने गुरुजींचे राष्ट्रीय स्मारक आहे. तेथे मुलांची व तरुणांची शिबिरे होतात. सुटीत आपल्या मुलांना घेऊन तेथे जाण्यासारखे आहे.

शेवटी एक छोटीशी विनंती. चर्चच्या दाराजवळ, जेथे आपले काही तरुण मित्र मिस्साच्या वेळी उभे राहतात, तेथेच एक सूचनाफलक आहे. त्यावर महिनोन्महिने जुनीच पत्रके लटकलेली असतात. पुढच्या रविवारपासून तो फलक मी रिकामा करून ठेवणार आहे. धर्मग्रामातील बातम्या, आजाऱ्यांची विचारपूस, एखाद्या संताची गोष्ट, परीक्षेत पास झालेल्यांचे अभिनंदन, असे एक हस्तलिखित पान दर आठवड्याला तेथे लागावे, अशी माझी इच्छा आहे. त्यासाठी भाषण करावे लागणार नाही, मंचावर यावे लागणार नाही. चांगले अक्षर आणि थोडा वेळ हवा. खांबाला टेकून उभ्या असलेल्या माझ्या मित्रा, शेवटचे गीत होईपर्यंत जरा थांबशील का? मी कागद आणि पेन घेऊन दाराशी येतो.

प्रभू तुम्हा सर्वांचे कल्याण करो.